दारात नळ असलेला फ्रीज

आमच्या घरात फ्रीज आला तो सासूबाईंच्या इन्सुलिनसाठी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे पुढे आम्हीच ते विसरलो.

सासूबाईंना साखर आहे हे कळलं ते पायाच्या जखमेमुळे. भात कापून झालेल्या खाचरात धसकट लागलं आणि ती जखम दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत भरेना. खालापूरच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि सांगितलं, इथे गोळ्यांचं काम नाही, रोज सकाळी इंजेक्शन घ्यावं लागेल. मी त्याच गावात तहसील कचेरीत कारकून होते. त्यामुळे डॉक्टरांकडे जाणं-येणं माझ्याकडे आलं आणि सुई टोचणंही माझ्याकडेच आलं. माझा नवरा रसायनीच्या कारखान्यात ॲसिडच्या टाक्यांवर चढायचा, पण आईच्या दंडात सुई जाताना बघायची वेळ आली की त्याला अंगणात काहीतरी काम निघायचं.

काम मोठं नव्हतं, पण रोजचं होतं. काचेची सिरिंज उकळायची, बाटली हातात हलकेच फिरवायची, औषध ओढायचं. त्याआधी लघवी तपासायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवीचे टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी तापवायची. निळं निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर सगळ्यात वाईट. माझी धाकटी मुलगी शाळेला निघताना विचारायची, "आज आजी कुठल्या रंगाची?"

बाटली मिळायची पनवेलला. बर्फ घातलेल्या थर्मासातून ती एस.टी.ने घरी आणायची. औषधवाल्याने बजावलं होतं की थंड जागी ठेवा. सासूबाई म्हणाल्या, "माठाशी ठेव की. माठापाशी काय ऊन लागतंय तिला?"

मी म्हटलं, "आई, ते औषध आहे, ताक नाही."

या वाक्याची आठवण पुढे मला बरेच दिवस झाली.

फेब्रुवारीत नवरा बातमी घेऊन आला. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले एक परदेशी साहेब मोहोपाड्याच्या कॉलनीतून परत मायदेशी चालले होते आणि घरातलं सामान विकायला काढलं होतं. त्यात त्यांचा फ्रीज होता. आम्ही तो घेतला. टेंपोतून उतरवताना चार माणसं लागली. पिस्त्याच्या रंगाचा, माझ्यापेक्षा हातभर उंच, वर बर्फाचा वेगळा कप्पा. आणि दरवाज्यात बाहेरच्या बाजूला एक खोबण, त्यात नळ. नळामागे, दरवाज्याच्या आत, प्लॅस्टिकची पाण्याची टाकी. टाकी वरून हाताने भरायची आणि बाहेरून नळाखाली भांडं टेकवलं की गार पाण्याची धार. दरवाजा उघडायची गरजच नाही. सोबत एक पुस्तक होतं, ते आमच्यापैकी कुणाला वाचता येणाऱ्या भाषेत नव्हतं.

तो स्वयंपाकघरात मावेना म्हणून ओटीवर ठेवला. ही दुसरी गोष्ट, जी नीट सांगायला हवी.

आमची वस्ती गावाबाहेर. आता बौद्धवाडा म्हणतात, तेव्हाही म्हणायचे, आणि त्याआधी काय म्हणायचे ते सगळ्यांना माहीत आहे. गावाबाहेर असल्यामुळे झालं असं, की रस्ता डांबरी झाला तेव्हा तो आमच्याच दारावरून गेला आणि एस.टी.चा थांबा आमच्या अंगणासमोर आला. वरच्या आळीतल्या लोकांना खालापूरला जायचं असो की कर्जतला, गाडीची वाट आमच्या घरासमोर उभं राहूनच बघावी लागायची. उन्हात लोक उभे राहत. आमच्या ओटीवर सावलीला बसत, बोलत, विडी ओढत. पाणी मात्र मागत नसत. कुणी वाईट बोलायचं नाही, कुणी शिवाशिवीचा शब्द काढायचा नाही. तहान लागली तरी "नको, आत्ताच पिऊन निघालो" एवढंच. माझे सासरे रेल्वेत गँगमन होते, घाटात पंचवीस वर्षं रूळ तपासत हिंडले. लहानपणी त्यांना पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून ओतलेलं. तेही ते रागाने सांगत नसत. सांगतच नसत. मला नवऱ्याकडून कळलं.

फ्रीज ओटीवर आला आणि आठ दिवसांत पहिला माणूस उठून नळापाशी गेला. वरच्या आळीतला भातगिरणीचा म्हातारा मालक. पंचक्रोशीत त्याला गिरणीवाले म्हणत. त्या दिवशी रविवार होता, मी घरीच होते. तो आधी फ्रीजभोवती फिरला, मग नळाला बोट लावून बघितलं.

"यातून पानी येतं?"

"टेकवा की गिलास," सासरे म्हणाले.

गिरणीवाल्याने आपल्या पिशवीतला तांब्या काढला आणि टेकवला. पाणी प्यायला. डोळे मिटले, दात आंबले असणार. "आयला, बर्फच की रं!" म्हणाला आणि दुसरा तांब्या भरला.

त्यानंतर लोक पाणी पिऊ लागले. मार्च-एप्रिलचं ऊन, गाडी कधी वेळेवर नाही. कुणी आपलं भांडं आणायचं, कुणी फ्रीजवर ठेवलेला आमचा स्टीलचा पेला घ्यायचं. पाणी कुणाच्या हातून घ्यावं लागत नव्हतं, एवढीच ती सोय. यंत्र देत होतं. सासऱ्यांना ही सोय कळत नव्हती असं नाही. एकदा मी म्हटलं, "बाबा, यांना नळ चालतो, आपला हात चालत नाही." ते हसले. म्हणाले, "टाकी कोन भरतं गं?"

टाकी ते भरायचे. रोज सकाळी, स्वच्छ हात धुऊन, फडक्यातून गाळून.

मार्चच्या मध्यावर सासूबाईंची नळी विटकरी झाली. दुसऱ्या दिवशी विटकरी, तिसऱ्या दिवशी विटकरी. डॉक्टरांनी औषधाचे दोन आकडे वाढवले. तरी विटकरीच. आणखी वाढवले. सासूबाई झोपून राहू लागल्या, पाण्यामागून पाणी पिऊ लागल्या. पायाची जखम, जी अर्धी भरून आली होती, ती पुन्हा ओली झाली. मी डॉक्टरांना सांगत होते की इंजेक्शन चुकत नाही, भात बंद आहे, गूळ बंद आहे. ते माझ्याकडे संशयाने बघत होते. शेवटी मी बाटलीच नेऊन दाखवली आणि सहज म्हटलं, "मधे दोन-तीनदा संध्याकाळी हिच्यात थोडा बर्फ झाला होता. मी वितळू दिला."

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. आत दूध फाटल्यावर दिसतात तसे कण होते.

"बाई, इन्सुलिन एकदा गोठलं की मेलं. इतके दिवस तुम्ही पाणी टोचताय."

मी कचेरीत येऊन काम केलं. दुसरं काय करणार? संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे सुई फुकटच टोचलीस व्हय गं इतके दीस?" आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

नवरा पनवेलहून नवी बाटली घेऊन आला. आता ती गोठू द्यायची नव्हती. हे ऐकायला सोपं वाटतं.

आधी मी फ्रीजकडे नीट बघायला लागले. खालच्या कप्प्यात, जिथे नुसता गारवा असायला हवा, तिथे मेथीची पानं काचेसारखी कडक व्हायची. दूध पातेल्यात दगड. पाण्याचा नळही मधूनच बंद पडायचा, टाकीपासून नळापर्यंतच्या नळीत बर्फ धरायचा. मग सासरे गरम पाण्यात फडकं पिळून नळाला शेक देत बसत, जसा लेकराच्या छातीला देतात. धार सुटली की त्यांचा चेहरा सुटायचा.

कर्जतहून मेकॅनिक बोलावला. तो आला, दार उघडलं, बंद केलं, मागे कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "बाहेरच्या देशाचा माल आहे. इथलं व्होल्टेज याला झेपत नाय." मग म्हणाला की आतलं गोल बटण दोनवर ठेवा, बाटली दरवाज्यात ठेवा, तिथे गारवा कमी असतो. त्या बटणावर एक ते सात आकडे होते. मी ते दोनवर केलं. बाटली रुमालात गुंडाळून दरवाज्यातल्या अंड्यांच्या खोबणीत ठेवली. सहा दिवसांनी ती तिथेही गोठली.

पुन्हा पनवेल. या वेळी औषधवाल्याकडे बाटली नव्हती, दोन दिवसांनी या म्हणाला. ते दोन दिवस सासूबाई इंजेक्शनाशिवाय होत्या.

मग मी माझ्या पद्धतीने शोधायचं ठरवलं. घरातल्या आठ वाट्या घेतल्या, प्रत्येकीत चार चमचे पाणी घातलं आणि फ्रीजच्या प्रत्येक कप्प्यात, पुढे आणि मागे, एकेक ठेवली. कचेरीतल्या जुन्या छापील अर्जाच्या मागे फ्रीजचं चित्र काढलं. सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर बघायचं, जिथे बर्फ तिथे फुली. नवरा म्हणाला, "जमिनीचा सातबारा काढतेयस की काय?" मी लक्ष दिलं नाही. बारा दिवस फुल्या मारल्या. त्यांतून दोन गोष्टी दिसल्या. रात्री वाट्या गोठत नव्हत्या, दिवसा गोठत होत्या. आणि रविवारी अजिबात गोठत नव्हत्या.

रविवारी मी घरी असते. बाकीच्या दिवशी दिवसभर घरी कोण असतं? सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर, आणि सासरे ओटीवर. मुली शाळेत, नवरा पाळीवर.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारच्या गाडीने घरी आले. गाडीतून उतरले तेव्हा ओटी भरलेली होती. सतरंजी अंथरलेली, सासरे धुतलेला पांढरा सदरा घालून बसलेले. रेल्वेतून निवृत्त होताना शिवला होता तो. गिरणीवाले होते, वरच्या आळीतल्या दोन बायका होत्या, एक शाळामास्तर होते. गाडी गेली तसे लोक पांगले. मी सरळ जाऊन फ्रीजचं दार उघडलं. बटण सातवर होतं.

"बाबा, हे कुणी फिरवलं?"

"मी." त्यांनी एका क्षणात सांगितलं. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. "दोनवर पानी कोमट येतं गं. लोक पितात नि तोंड वाकडं करतात. तू गेलीस की वाढवतो, तू यायच्या टायमाला कमी करतो. आज तू लौकर आलीस."

"मला न सांगता?"

"तू बोलली आसतीस म्हून."

"आणि आईंचं औषध?"

"औषद थंड ठिवायचं ना? तूच म्हनालीस. मंग जितकं थंड तितकं चांगलंच की."

ते खरंच असं समजत होते. दोष द्यायचा तर माझाही होता. बाटली दरवाज्यात का ठेवायची, बटण दोनवर का, हे मी नवऱ्याला सांगितलं होतं, मुलींना सांगितलं होतं. सासऱ्यांना फक्त "हात लावू नका" एवढंच सांगितलं होतं.

तेव्हा मी सगळं सांगितलं. जास्तच सांगितलं. तुमच्या गार पाण्यापायी आईंना महिनाभर मेलेलं औषध टोचलं गेलं, असं म्हणाले. ते ऐकत उभे राहिले. मग आत गेले आणि सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी बसले. आतून सासूबाईंचा आवाज आला, "आता काय झालं तोंड पाडायला? लोकांनी पानी पिलं ना आपल्या दारचं? मंग!"

पुन्हा नवी बाटली आणली आणि त्या दिवसापासून बटण दोनवर राहिलं. पाणी कोमट झालं. लोक विचारू लागले, "आज थंड नाय काय?" आणि सासरे म्हणत, "मशीन जरा नरम हाय." चार-पाच जण कमी झाले. पण सासूबाईंची नळी पिवळी झाली, मग हिरवी. एका सकाळी निळी राहिली तेव्हा धाकटीने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटलं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर बाटलीत बर्फ.

बटण दोनवर होतं. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "मी हात लावला नाय." माझ्या चेहऱ्यावर संशय दिसला असणार. त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे हात केला आणि पुन्हा म्हणाले, "नाय लावला." आमच्या घरात त्यापेक्षा मोठी शपथ नव्हती.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं, तर ते गोल बटण ओढून काढलं आणि पर्समध्ये टाकून कचेरीत घेऊन गेले. बटण नसलं की आत नुसती पितळेची बारीक दांडी उरते, ती बोटाने फिरत नाही. दिवसभर ते माझ्या पर्समध्ये चाव्यांबरोबर वाजत होतं. नवरा सकाळची पाळी करून पनवेलहून नवीन बाटली आणून ठेवणार होता. त्याने दुपारी ती ठेवली. मी संध्याकाळी सहाच्या सुमारास आले आणि दरवाजा उघडला. बाटली पांढरी, टणक.

आणि मी म्हणाले, "पक्कड घेऊन फिरवलंत का?"

हे मी माझ्या सासऱ्यांना म्हणाले, मुलींसमोर. कोपऱ्यात त्यांची रेल्वेतली जुनी अवजारांची पिशवी टांगलेली असायची. ती त्यांनी काढली, माझ्यापुढे आणून ठेवली आणि अंगणात गेले. पिशवीला वरपर्यंत धूळ होती. गाठ महिनोन् महिने सुटलेली नव्हती, तेही दिसत होतं.

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या पायाचं धाकटं बोट काळं पडलं. आधी मला वाटलं, माती लागली आहे. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर पुसलं जाईना. त्यांना कळतही नव्हतं, बोटात जीव नव्हता. डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच पनवेलच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. तिथे दोन बोटं काढली. काढायच्या आधी सर्जन म्हणाले की साखर आटोक्यात राहिली असती तर कदाचित वाचली असती. कदाचित म्हणाले. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा कदाचितच म्हणाले.

त्या दवाखान्यात त्यांची साखर आठ दिवसांत उतरली. बाटली कपाटात, गार जागी, कसलाही खटाटोप नाही. मी बाकावर बसून बघायचे की नर्स बाटली काढते, औषध ओढते, परत ठेवते. मी दोन महिने जे करू शकले नाही ते ती बोलता बोलता करत होती.

सासूबाई दवाखान्यात असतानाच मी कर्जतच्या मेकॅनिकला पुन्हा बोलावलं. म्हटलं, या वेळी पूर्ण उघडायचा, अंदाज नको. तो दिवसभर बसला. वरचा कप्पा खोलला, मागचं पत्र्याचं झाकण काढलं. वरच्या बर्फाच्या कप्प्यातून खाली गार हवा यायला एक वाट असते आणि त्या वाटेवर एक झडप. खाली पुरेसा गारवा झाला की झडप मिटायला हवी. ती उघडीच्या उघडी अडकली होती, बर्फाने आणि गंजाने.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ते कसं सांगनार, ताई? आणला तवापासून असंल. म्हून तर साहेबाने विकला." तो हसला. "आता बटन दोनवर ठेवा नायतर सातवर, मशीन जोरात चाललं का खाली हिमालय."

"मग रविवारी का गोठत नव्हतं?"

त्याने माझा अर्जामागचा नकाशा बघितला, फुल्यांसकट. बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "रविवारी तुमी घरी. दूध काडा, भाजी काडा, पोरी दार उघडून उभ्या. गरम हवा आत जाती. बाकी दिवस दार कोन उघडतं? पानी तर भायेरून मिळतं ना."

"आणि रात्री?"

"रात्री व्होल्टेज आसतं का तुमच्याकडं? मशीन कण्हतं नुसतं."

इतकं साधं होतं. बारा दिवसांच्या फुल्यांवरून मी माणूस पकडला होता. झडप मला दिसली नव्हती. सासऱ्यांनी बटण फिरवलं होतं, हे खरं. त्याने भर पडली का, की काहीच फरक पडला नाही, हे मेकॅनिकला सांगता आलं नाही. तो सुटा भाग इथे मिळणार नाही, मुंबईलाही मिळणार नाही, एवढं मात्र त्याने खात्रीने सांगितलं. झडप त्याने पक्कडीने मिटून बघितली, तर खालचा कप्पा गरम व्हायला लागला. मग पुन्हा उघडली.

मी सासऱ्यांना जाऊन सगळं सांगितलं. झडप, गंज, रविवार. मी म्हटलं, "बाबा, तुमच्यामुळे झालं असं म्हणता येत नाही." आणि पक्कडीचं बोलले ते चुकलं, असंही म्हटलं.

ते म्हणाले, "आसू दे. माजंच आसंल."

मी पुन्हा समजावलं. त्यांनी मान हलवली, पण ऐकून घेतल्याची. पटल्याची नव्हे. ज्या माणसाने बटण फिरवल्याचं एका दमात कबूल केलं होतं, त्याला आता मी त्याचं निर्दोषपण परत द्यायला तयार होते आणि तो घ्यायला तयार नव्हता. यावर मला काही उपाय सापडला नाही.

बाटलीचा उपाय पनवेलच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितला. नवं लहान मडकं घ्या, अर्धं पाण्याने भरा. बाटली झाकणाच्या डब्यात घालून तो डबा त्यात तरंगत ठेवा. वर ओलं फडकं टाका आणि सावलीत ठेवा. गावोगावचे लोक असंच करतात म्हणाला, महिनाभर औषधाला काही होत नाही. मी ऐकून घेतलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, पायाला पांढरी पट्टी. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"ताक नाय म्हनाली होतीस," एवढंच म्हणाल्या.

फ्रीज आम्ही बंद केला. सासऱ्यांनीच वायर काढून गुंडाळून ठेवली. पुढे त्यात पापड, लोणची आणि मुलींच्या जुन्या वह्या राहू लागल्या. उंदीर लागत नसत, एवढा त्याचा उपयोग.

सासूबाईंना उजेड हवा म्हणून त्यांचा पलंग ओटीवर आणला होता. लोक गाडीसाठी यायचे, त्यांच्या पायाची चौकशी करायचे, नळाला भांडं टेकवून बघायचे. पाणी नाही म्हटल्यावर "असू दे, असू दे" म्हणत सावलीला बसायचे. कोपऱ्यात आमचा पिण्याचा माठ होता, त्यावर ओगराळं आणि पेला. एका दुपारी गिरणीवाले आले. घामाने सदरा चिकटलेला. त्यांनी तांब्या पिशवीतून अर्धा काढला आणि फ्रीजची गुंडाळलेली वायर बघून परत आत ठेवला.

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "का वो गिरणीवाले, फ्रीज बंद म्हून तहान पन बंद?"

"नाय गं, तसं काय नाय. गाडी येल आता."

"गाडीला अजून अर्धा तास हाय. माठ भरलेला हाय. टाकी भरायचे त्येच भरतात माठ. त्येच हात."

गिरणीवाले हसले, नको तितके. सासरे बसल्या जागेवरून उठले नाहीत. मी दारात उभी होते. पेला भरून पुढे करावा असं मनात आलं आणि नाही केला, कारण त्यांनी नाही म्हटलेलं सासऱ्यांना बघावं लागलं असतं. गाडी त्या दिवशी लवकर आली. ते गेले.

सासूबाई त्यानंतर साडेतीन वर्षं होत्या. दुसरा पाय शाबूत राहिला. मडक्यातली बाटली कधी बिघडली नाही. मी एकदा खालापूरच्या डॉक्टरांना विचारलं होतं की ती दोन बोटं नक्की कशाने गेली. फ्रीजने, बटणाने, माझ्या दोन दिवस उशीर झालेल्या बाटलीने की आधीच्या जखमेने? ते म्हणाले, "बाई, हे विचारून काय करणार?" काही करण्यासारखं नव्हतंच.

मडक्याचं काम सासऱ्यांनी आपल्याकडे घेतलं. घाटात रूळ तपासायचे त्याच नेमाने दिवसातून तीनदा ते फडकं काढायचे, पिळायचे, पुन्हा भिजवून घालायचे. सकाळी मी सुई उकळत असताना मला हाक मारायचे. मे महिना, मातीचं मडकं, अंगाची लाही होतेय, आणि ते ओलं फडकं हातात धरून विचारायचे, "लय थंड तर नाय ना हुनार गं?"

"नाही, बाबा," मी म्हणायचे.

मग ते फडकं घालायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.